शून्य ते शंभर छापता, मग ओल्या रस्त्यावरचं शंभर ते शून्यही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या मोटार पुरवणीत नुकताच एका स्पोर्ट्स कारचा चालवून पाहिलेला अहवाल आला. तो मी दोनदा वाचला. इंजिनाचा आवाज, सीटचं चामडं, शून्यावरून ताशी शंभर किलोमीटर गाठायचे सेकंद, सगळं तपशिलात आहे. टायरबद्दल मात्र एकच वाक्य आहे. त्याचा आशय असा की, कंपनीने कारखान्यातूनच उत्तम टायर लावून दिलेले असल्यामुळे ओल्या रस्त्याची फारशी चिंता नको. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे. लांबलं तर कात्री लावा, पण आकडे कापू नका.

मी टायर काढण्या-बसवण्याचं, बॅलन्सिंगचं आणि अलाइनमेंटचं काम करते. वडिलांच्या हाताखाली शिकले. गाडीत बसण्यापेक्षा तिच्या चाकाशी उकिडवं बसण्यात माझा जास्त वेळ जातो. जोराचा पाऊस पडून गेला की लगेचच एखादी दोन दारांची, बुटकी, रुंद चाकांची गाडी येतेच. रिमला कठड्याचा ओरखडा, बंपरच्या जाळीत गवत आणि मालकाचं ठरलेलं वाक्य, "ताई, टायर कंपनीचेच आहेत, नवेच आहेत, तरी गाडी गेली कशी?"

कंपनीचे असतात हे खरं. नवे असतातच असं नाही, त्याकडे पुढे येते. पण कंपनीने ते टायर कशासाठी निवडले होते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. आणि आपला अहवालही ते सांगत नाही.

स्पोर्ट्स कारचा कारखान्यातला टायर गोदामातून हाताला लागेल तो उचलून लावलेला नसतो. गाडीची कंपनी आणि टायरची कंपनी मिळून तो बराच काळ घडवतात. पोर्शसाठी मान्य झालेल्या टायरच्या बाजूला 'एन' हे अक्षर आणि पुढे आकडा असतो, बीएमडब्ल्यूसाठी चांदणी, मर्सिडीजसाठी 'एमओ'. त्याच नावाचा, त्याच मापाचा बिनखुणेचा टायर बाजारात मिळतो, पण त्याचं रबर किंवा आतली बांधणी वेगळी असू शकते. म्हणजे मेहनत घेतलेली असते यात वाद नाही. मेहनत कुठल्या बाजूला झुकलेली आहे, ते गाडीगणिक बदलतं.

दोन टोकं सांगते. २०१२ मध्ये टोयोटाने '८६' ही छोटी, मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी आणली. सुबारूची बीआरझेड ही तिची जुळी. तिला २१५ मिलिमीटर रुंदीचे मिशेलिन प्रायमसी एचपी टायर दिले. हाच टायर काही बाजारांत प्रियस या शांत हायब्रिड गाडीलाही मिळत असे. पकड मुद्दामच बेताची ठेवली होती, म्हणजे कमी वेगातही गाडी थोडी सरकेल आणि चालवणाऱ्याला तिच्याशी खेळता येईल. दुसऱ्या टोकाला पोर्शची ९११ जीटी३, मिशेलिन पायलट स्पोर्ट कप २ टायरवर. हा टायर ट्रॅकवर तापून डांबराला चिकटावा म्हणून घडवलेला आहे आणि रस्त्यावर चालवायलाही कायदेशीर आहे. त्यावर खाचा कमी आणि त्यांची खोलीही कमी. साचलेल्या पाण्यावर तरंगण्याचा धोका त्यामुळे वाढतो, हे अशा टायरांबद्दल कंपन्या स्वतःच लिहून देतात. फक्त ते बारीक अक्षरात असतं आणि मालकाचं लक्ष मोठ्या अक्षरांत असतं.

आता या दोन्ही गाड्यांचे मालक "माझ्याकडे कंपनीचे टायर आहेत" असं म्हणू शकतात. एकाकडे पकड बेताची पण खाचा भरपूर, दुसऱ्याकडे कोरड्यावर अफाट पकड आणि डबक्यात हातपाय गळालेले. ओल्या रस्त्यावर दोघांना एकच सल्ला कसा चालेल?

कुणाचा गैरसमज नको, रुंद उन्हाळी टायर (म्हणजे कडक थंडीसाठी नसलेला) पावसात वाईटच असतो असं मी म्हणत नाही. १९९२ च्या सुमारास मिशेलिनने टायरच्या रबरात काजळीच्या जोडीला सिलिका घालायला सुरुवात केली आणि ओल्या रस्त्यावरची पकड एकदम सुधारली. आज चांगला, नवा, ऊबदार हवेतला स्पोर्ट्स टायर नुसत्या ओलसर रस्त्यावर साध्या गाडीच्या साध्या टायरपेक्षा लवकर थांबतो. लोकांची फसगत होते ती इथेच. ओलसर रस्त्यावर गाडी इतकी घट्ट धरून चालते की मालकाला वाटतं पावसाचं काही विशेष नाही. मग पुढच्या खोलगट भागात तीन-चार मिलिमीटर पाणी साचलेलं असतं आणि तिथे रबर कितीही चांगलं असलं तरी ते आधी रस्त्याला टेकायला हवं ना.

थोडं गणित करते. छोट्या दोन आसनी गाडीच्या टायरचा जमिनीला टेकणारा पट्टा १८ सेंटिमीटर रुंद धरा, रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी आणि वेग ताशी ८० किलोमीटर. त्या टायरला दर सेकंदाला सुमारे १२ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. मोठ्या गाडीच्या मागच्या टायरचा पट्टा ३० सेंटिमीटर धरला तर तेच २० लिटर होतं. वेग १०० केला तर २५. एक टायर, एक सेकंद, मोठी बादली काठोकाठ. आणि रबराचा कुठलाही ठिपका जमिनीला टेकून पुन्हा वर जातो तो सेकंदाच्या साधारण दोनशेव्या भागात. तेवढ्यात मधलं पाणी कडेला पोहोचायला हवं. रुंद टायरमध्ये मधल्या पाण्याला कडेपर्यंतचा रस्ता लांब पडतो. शिवाय गाडीचं वजन तेवढंच आणि हवा तेवढीच असेल तर टायर रुंद केल्याने जमिनीवरचा ठसा काही मोठा होत नाही. तो आडवा पसरतो आणि पुढून-मागे आखूड होतो. पाणी कापायला जी लांबी उपयोगी पडते तीच कमी होते.

अमेरिकेच्या 'नासा'त वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी विमानांच्या टायरवर प्रयोग करून १९६३ मध्ये एक सूत्र मांडलं. पाणी टायरच्या खाचांना न जुमानण्याइतकं खोल असेल तर टायर पूर्ण तरंगायला लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमूळावर अवलंबून असतो. आपल्या मापात सांगायचं तर दाबाच्या पीएसआय आकड्याचं वर्गमूळ काढा आणि त्याला साधारण १६.६ ने गुणा, ताशी किलोमीटर मिळतील. ३६ पीएसआयचं वर्गमूळ ६, म्हणजे सुमारे १००. २५ पीएसआयचं ५, म्हणजे ८३. गाडीच्या टायरला हे तंतोतंत लागू होत नाही. पुढे हॉर्न यांनीच ठशाची लांबी-रुंदीही हिशोबात धरावी लागते असं दाखवलं, आणि आखूड-रुंद ठसा आणखी लवकर तरंगतो. पण दिशा स्पष्ट आहे. हवा कमी केली की तरंगण्याचा वेग खाली येतो.

हे मी मुद्दाम लिहिते, कारण "पावसात हवा थोडी कमी ठेवली की पकड वाढते" हे ज्ञान स्पोर्ट्स कारवाल्यांमध्ये फार पसरलेलं आहे. ते ट्रॅकवरून आलंय. ट्रॅकवर गरम टायरमधला दाब चढतो म्हणून लोक थंड असताना हवा कमी भरतात. ती गाडी तशीच घरी येते, हवा कुणी पुन्हा भरत नाही, आणि मग पाऊस येतो. दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत जो दाब लिहिलेला असतो, तो थंड टायरमध्ये मोजून भरा. पुढचा आणि मागचा आकडा वेगळा असेल, तर तो वेगळाच ठेवा.

आता 'नवेच आहेत' याबद्दल.

मी मालकाला आधी स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवायला सांगते. मग पुढच्या टायरच्या आतल्या कडेवर त्याचाच हात ठेवते. बाहेरून नक्षी छान दिसत असते, आणि आत बोटांना लागतो तो गुळगुळीत गोटा. स्पोर्ट्स कारची चाकं वळणावर सरळ बसावीत म्हणून वरून थोडी आत झुकवलेली असतात, त्याला आम्ही निगेटिव्ह कॅम्बर म्हणतो. त्यात अलाइनमेंटमध्ये टो, म्हणजे चाकांची तोंडं आत किंवा बाहेर किती वळलीत ते माप, जरा बिघडलेला असला की आतली कड खरवडल्यासारखी झिजते. मागच्या चाकांचं तर आणखी कठीण. ती वळत नाहीत, त्यामुळे गाडी जॅकवर चढवल्याशिवाय आतली कड कुणालाच दिसत नाही. आणि मागच्याच चाकांना इंजिनाची ताकद मिळत असेल तर तीच लवकर झिजतात. मालक रोज गाडी पुसतो, पण त्या कडेला त्याचा हात कधीच लागलेला नसतो.

बहुतेक देशांत कायदा १.६ मिलिमीटरवर टायर बाद ठरवतो. खाचांच्या तळाशी जे छोटे उंचवटे असतात ते त्या मापाचे. साधा नवा टायर साधारण ८ मिलिमीटरचा असतो, ट्रॅककडे झुकलेला त्याहून बराच कमी. म्हणजे अशा टायरची आयुष्याची सुरुवातच दुसऱ्याच्या मध्यावर होते. कायद्याचा आकडा म्हणजे शेवटची हद्द, तिथपर्यंत जायलाच हवं असं नाही. साध्या टायरला ३ मिलिमीटरनंतर पावसात जपा असं सर्वसाधारणपणे सांगतात. रुंद टायर असेल तर मी ४ लाच सांगायला सुरुवात करते. यावर माझ्याशी भांडलेले लोक आहेत, मी टायर विकायला बसलेय असंही म्हणतात. म्हणोत. खोली मोजायची छोटी पट्टी खिशात मावते. आत, मध्ये आणि बाहेर अशी तीन ठिकाणी लावा आणि सगळ्यांत कमी भरेल तो आकडा खरा माना.

बसवण्याच्याही गमती असतात. दिशा असलेल्या टायरवर बाण असतो. तो उलटा बसला तर जी नक्षी पाणी बाहेर फेकायला कापलेली आहे ती पाणी मधोमध गोळा करते. कोरड्यात काही जाणवत नाही. ज्या टायरच्या दोन बाजूंची नक्षी वेगळी असते त्यावर 'आउटसाइड' लिहिलेलं असतं, ती बाजू बाहेर आली पाहिजे. दोन मिनिटांचं काम आहे, गाडीभोवती एक फेरी मारून वाचा. आणि दोनच टायर नवे घ्यायचे असतील तर ते मागे लावा. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि निदान कळतं तरी. मागची सुटली की गाडी फिरते. ज्या गाड्यांना पुढे अरुंद आणि मागे रुंद टायर असतात, त्यांत अदलाबदल करता येत नाही, तिथे मागचे वेळेवर बदलणं हाच उपाय.

वयाचं थोडक्यात सांगते. टायरच्या बाजूला 'डॉट' या अक्षरांनंतर येणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. ३११९ असेल तर तो २०१९ सालच्या ३१ व्या आठवड्यात तयार झाला. स्पोर्ट्स कार वर्षात थोडीच फिरते, त्यामुळे नक्षी ताजी राहते आणि रबर म्हातारं होतं. २०१३ मध्ये अमेरिकेत पोर्श कॅरेरा जीटीच्या ज्या अपघातात अभिनेता पॉल वॉकर गेला, त्याच्या तपासात अतिवेगाबरोबर नऊ वर्षं जुन्या टायरांचाही उल्लेख होता. आणि तो रस्ता तर कोरडा होता.

उलट, अगदी कोऱ्या टायरलाही पहिले काहीशे किलोमीटर जपावं लागतं. साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या पदार्थाचा थर पृष्ठभागावर असतो, तो निघेपर्यंत पावसात त्यावर भरवसा नको. थंडीतही तसंच. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं. ट्रॅकवाला टायर तर त्याहून लवकर रुसतो. वाहतं पाणी टायरला सतत थंड करतं, त्यामुळे "जरा चालवली की तापतील" हा हिशोब पावसात जमत नाही.

बाजूवरच्या अक्षरांबद्दल आणखी एक. 'ट्रॅक्शन एए' असं दाखवून पुष्कळजण मला गप्प करू पाहतात. ती अमेरिकेतली श्रेणी आहे आणि ती ओल्या डांबरावर आणि काँक्रीटवर सरळ रेषेत ब्रेक लावून ठरते. वळणावर काय होईल, साचलेल्या पाण्यात काय होईल, हे त्या चाचणीत बघितलेलंच नसतं. युरोपातल्या लेबलवरचं ओल्या पकडीचं अक्षरही नव्या टायरचं असतं. अक्षर खोटं नाही. पण त्याला जे विचारलं गेलं तेवढ्याचंच उत्तर ते देतं.

आता चालवण्याकडे येते. मी काही रेसिंगवाली नाही. पण गाडी दुरुस्तीला आली की ती कशी गेली हे मालक सविस्तर सांगतात, आणि गोष्टी फिरून फिरून त्याच दोन-तीन असतात.

पहिली, वळणात पाय उचलणं. गाडी आत शिरली, वेग जास्त वाटला, घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला. वजन पुढे गेलं, मागचे टायर हलके झाले आणि शेपटी सुटली. मॅन्युअल गिअर असेल आणि त्याच वेळी खालचा गिअर टाकून क्लच झटकन सोडला, तर मागच्या चाकांना हँडब्रेक ओढल्यासारखंच होतं. टायरपाशी जेवढी पकड आहे तेवढीच वळायला, थांबायला आणि पळायला वाटून द्यायची असते. म्हणून वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच कमी करायचा, ब्रेक सावकाश वाढवत दाबायचा आणि आत शिरल्यावर पाय हळू हलवायचा.

दुसरी, वळणातून बाहेर पडताना घाई. टर्बो इंजिनाची ताकद पाय दाबल्यावर क्षणभराने येते, आणि आली की एकदम येते. मागच्या डिफरेन्शियलमध्ये, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या भागात, लिमिटेड स्लिप (एकच चाक मोकाट फिरू न देणारी सोय) असेल तर कोरड्यात त्याचा फायदाच असतो, पण ओल्यात एका चाकाबरोबर दुसरंही घसरू शकतं, आणि दोन्ही सुटली की गाडीला धरायला मागे काही उरत नाही. एक गिअर वरचा ठेवा. आवाज कमी येईल, तेवढं सोसा.

तिसरी गोष्ट डबक्याची. गाडी तरंगायला लागल्याची खूण म्हणजे स्टिअरिंग अचानक हलकं लागतं, खालचा पाण्याचा आवाज बदलतो, आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिनाचे फेरे आपोआप चढतात. इथे माणसाचा हात स्टिअरिंग फिरवायला जातो आणि पाय ब्रेकवर. दोन्ही नको. पाय हळू सैल करा, स्टिअरिंग जायच्या दिशेने सरळ धरा. स्टिअरिंग वळवून ठेवलेलं असताना टायर पुन्हा जमिनीला लागला, तर गाडी त्याच बाजूला झटक्यात जाते. मला दाखवायला आणलेल्या बऱ्याच गाड्या पाण्यात गेलेल्या नव्हत्या, पाणी संपल्यावर गेलेल्या होत्या. आणि पाण्यात फक्त एकाच बाजूची चाकं शिरली तर ती बाजू ओढते, त्याचीही तयारी हवी.

जड गाड्यांच्या चाकांनी रस्त्यावर जे लांब खोलगट पट्टे पडलेले असतात त्यांत पाणी धरून राहतं. आपल्याच लेनमध्ये त्यांच्या थोडं बाजूने चाला. पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं, पुलांचे सांधे यांच्यावर ब्रेकही नको आणि ॲक्सिलरेटरही नको. बऱ्याच दिवसांनी पडलेल्या पावसाची पहिली काही मिनिटं सर्वांत घसरडी, कारण तेल, धूळ आणि रबराचा भुगा वर येतो आणि अजून वाहून गेलेला नसतो. क्रूझ कंट्रोल, म्हणजे वेग आपोआप कायम ठेवणारी सोय, बंद ठेवा. अंतराचं काय ते आकड्यात पाहा: ताशी १०० वरून उत्तम कोरड्या पकडीत गाडी साधारण ४० मीटरमध्ये थांबते, पकड त्याच्या सहा दशांश राहिली तर सुमारे ६७ लागतात, आणि ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या एका सेकंदात २८ मीटर आधीच गेलेले असतात.

इलेक्ट्रॉनिक्सवाले म्हणतील, हे सगळं गाडी सांभाळते. सांभाळते, बऱ्याच अंशी. १९९५ मध्ये बॉश आणि मर्सिडीजने ईएसपी ही घसरती गाडी सावरणारी यंत्रणा आणली, त्यानंतर तिने असंख्य लोकांना वाचवलं असेल. पण ती जे काही करते ते एकेका चाकाचा ब्रेक लावून आणि इंजिनाची ताकद कमी करून, म्हणजे शेवटी टायरमार्फतच. टायर पाण्यावर असेल तर ती कुणाला ब्रेक लावणार? पोर्शने २०१८ मध्ये आलेल्या ९११ मध्ये पुढच्या चाकांच्या कमानीत आवाज टिपणारे सेन्सर बसवले. उडणाऱ्या पाण्याच्या आवाजावरून रस्ता किती ओला आहे हे गाडी ओळखते आणि चालकाला 'वेट मोड' लावायला सुचवते. मला ही कल्पना फार आवडते, कारण इतकी हुशार गाडीसुद्धा तिथे चालकाला 'बेताने चालव' एवढंच सुचवते. 'स्पोर्ट' मोड आणि ईएसपी बंद करायचं बटण पावसात विसरून जा. त्या बटणाबद्दल आपल्या अहवालात दोन परिच्छेद कौतुक आहे, म्हणून सांगितलं.

"मग एवढी महाग गाडी घ्यायची कशाला?" असं कुणी विचारतंच. फॉर्म्युला वन शर्यतींच्या पूर्ण पावसाळी टायरबद्दल तो बनवणारी पिरेली कंपनी सांगते की तो ताशी ३०० किलोमीटरला सेकंदाला ८५ लिटर पाणी फेकतो. असे टायर आणि जगातले निवडक चालक असूनही २०२१ मध्ये बेल्जियममधल्या स्पाच्या शर्यतीत गाड्या फक्त सेफ्टी कारच्या (पुढे राहून वेग आवरून धरणाऱ्या गाडीच्या) मागून थोड्या फेऱ्या चालल्या आणि अर्धे गुण वाटून शर्यत संपवली गेली. कारणांत पुढचं काही न दिसणं हे मोठं होतं, तेही आपल्याला लागू आहेच. बुटक्या गाडीत बसलेल्याच्या डोळ्यांसमोर ट्रकच्या चाकाचा फवारा येतो. त्या दिवशी शर्यत थांबवणाऱ्यांना कुणी भित्रं म्हणालं असेल तर म्हणो, पण सेफ्टी कारच्या मागे चाललेल्या गाड्या सगळ्या शाबूत परतल्या.

संपादक महोदय, माझी मागणी साधी आहे. आपले प्रतिनिधी गाडी चालवून पाहतात तेव्हा टायरचं पूर्ण नाव, माप, कंपनीची खूण आणि खाचांची खोली मिलिमीटरमध्ये छापा. पुढचे आणि मागचे वेगळे असतील तर दोन्हींचं छापा. शून्य ते शंभरच्या चौकटीशेजारी ओल्या रस्त्यावर शंभरवरून थांबायला लागलेलं अंतर छापा, आणि त्या वेळी हवा किती अंश होती तेही. शक्य असेल तर तीच गाडी टायर अर्धे झिजल्यावर पुन्हा मागवून तीच चाचणी करा. वाचकाच्या हातात गाडी राहते ती झिजलेल्या टायरांवरच जास्त काळ, आणि त्या अवस्थेतला एकही आकडा मला आजवर कुठल्या अहवालात सापडलेला नाही. कंपन्या गाडी देताना कुरकुर करतील. करू द्या. खोली मोजायची पट्टी आपल्या प्रतिनिधींकडे नसेल तर माझ्याकडे एक जादा आहे, पत्ता कळवलात तर पाठवून देते.

आपली,
चाकाशी बसणारी एक वाचक